महारुद्राच्या पोटातला गोळा

धुरपदाबाईचं आणि तिच्या भावजयीचं, म्हणजे द्वारकाबाईचं, कधी एकमत झाल्याचं तेरणेकाठच्या त्या गावात कुणाला आठवत नव्हतं. एकीनं आमटीत मीठ घातलं की दुसरीला ते जास्त लागायचं. एकीनं म्हैस बांधली की दुसरी ती सोडून पलीकडच्या खुंटीला बांधायची. बलभीम हा एकीचा धाकटा भाऊ आणि दुसरीचा नवरा. दोघींच्या कात्रीत सापडायला नको म्हणून तो उजाडायच्या आत रान गाठायचा आणि दिवे लागल्यावर परतायचा. त्याला शेतीचं फार वेड आहे, असा लोकांचा उगाच समज झाला होता.

भांडणाचं मूळ मिठात नव्हतं आणि म्हशीतही नव्हतं. मूळ नऊ वर्षांचं होतं आणि त्याचं नाव महारुद्र. द्वारकाबाईनं त्याला जन्म दिला, तेवढं धुरपदाबाईला नाकारता येत नव्हतं. पण बाळंतपणात द्वारकाबाई जी अंथरुणाला खिळली ती चार महिने उठली नाही. तेवढ्यात पोर आत्याच्या कुशीत गेलं आणि तिथंच राहिलं. धुरपदाबाई सोळाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आलेली. तिला आपलं म्हणायला जगात दुसरं कुणी नव्हतं. पोर तिच्या वाकळेत झोपायचं, तिच्या ताटात जेवायचं, आणि सख्खी आई चुलीपुढं बसून भाकरी जरुरीपेक्षा जोरात थापायची.

तर हे पोर पौषात, ज्वारी हुरड्याला आलेली असताना, नेमकं शाळेच्या वेळेला आजारी पडायला लागलं.

शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची. राज्य निजामाचं, म्हणून आधी उर्दूचं अलिफ-बे आणि वेळ उरला तर बाराखडी. मास्तर मारायचा, पण सगळ्यांना सारखंच मारायचा, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. महारुद्रही उड्या मारत जायचा. आणि एका सोमवारी पाटी समोर आणून ठेवली तरी तो उठेना. भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला.

"आत्या, पोटात दुखतंय," तो म्हणाला. "बघ ना चाचपून."

आता पोटाच्या दुखण्यात धुरपदाबाईपुढं तोंड उघडायची गावात कुणाची छाती नव्हती. तिला डाग देता यायचा. लेकराचं पोट फुगलं, वायगोळा धरला, दूध ओकायला लागलं की बाया ते पदराखाली घालून तिच्याकडं यायच्या. ती अंगठ्यानं बेंबीभोवती चाचपायची, गोळा कुठं बसलाय ते हुडकायची आणि तिथं तापल्या सळईचं टोक टेकवून पापणी लवायच्या आत उचलायची. आईकडून आलेली विद्या होती. आसपासच्या चार गावांतले बाप्ये अंघोळीला उघडे बसले की त्यांच्या बेंबीशेजारी चिंचोक्याएवढा व्रण दिसायचा, आणि तो धुरपदाबाईची गवाही द्यायचा. ती कुणाकडून काही घ्यायची नाही. मान तेवढा घ्यायची, आणि तो पुरेपूर घ्यायची.

तिनं महारुद्राच्या पोटावर अंगठा टेकला. पोट भिजवलेल्या कणकेसारखं मऊ होतं. जीभ स्वच्छ होती, अंग गार होतं. पोरगं श्वास धरून पडलं होतं आणि किलकिल्या डोळ्यांनी तिच्या तोंडाकडं बघत होतं. धुरपदाबाईला आतल्या आत हसू फुटलं. सोंग करतंय लबाड, ती मनात म्हणाली.

हेच ती मोठ्यानं म्हणाली असती तर पोर पाटी काखेत मारून गेलं असतं. पण चुलीपासून द्वारकाबाई आधी बोलली.

"काय धाड न्हाय भरली त्याला. सोंग हाय समदं. ऊठ रं."

झालं. जे खरं होतं ते द्वारकाबाईच्या तोंडून आलं, म्हणजे ते धुरपदाबाईच्या लेखी खोटं ठरलं.

"चुलीपासनं तुला पोटातलं दिसतं व्हय गं, द्वारके?" ती म्हणाली. "लेकराला वायगोळा धरलाय. आज त्यो शाळंत जायचा न्हाय."

भावजयीचं तोंडही बंद झालं आणि दिवसभर पोरगं मांडीशी राहणार हेही नक्की झालं. धुरपदाबाई दोन्हींवर खूश होती. महारुद्र मात्र खूश दिसेना. तो उठून बसला आणि म्हणाला, "खरंच गोळा हाय? नीट बघितलंस का तू?"

"बघितलं की. पड गुमान," आत्या म्हणाली. पोर आपल्या सोंगाला बळकटी आणतंय असं तिला वाटलं, आणि त्याच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

मंगळवारी तेच आणि बुधवारीही तेच. सकाळी पोर पोट धरायचं, आत्याला म्हणायचं, नीट चाचपून बघ, आणि आत्या चाचपून सांगायची, गोळा हाय. मग सगळ्यांच्या देखत बेंबीवर हिंगाचा लेप आणि ओव्याचं कडू पाणी. द्वारकाबाई पाण्याला गेली की पदराआडून गरम हुरडा, गूळ, वर तुपाचा गोळा. पोर खायचं, पण पूर्वीसारखं गप्पा मारत खायचं नाही. बुधवारी रात्री बलभीमानं कधी नव्हे ते तोंड उघडलं.

"आक्का, तीन दिस झाले. गाडी जुंपतो. धाराशिवच्या दवाखान्यात दाखवून आणू."

"दवाखान्यात काय, रंगीत पाणी देत्यात," धुरपदाबाई म्हणाली. "बाहीर थंडी किती हाय बघ. पोटाचं मला कळतं का त्या डाक्टराला?"

तिला दवाखान्याची भीती वेगळीच होती. डॉक्टर पोटाला हात लावणार आणि बलभीमाच्या तोंडावर सांगणार की लेकराला काही झालेलं नाही. घरी येऊन द्वारकी ते सांगत गावभर फिरणार. बलभीम वाकळ ओढून आडवा झाला. गप्प बसायची त्याला सवय होती.

गुरुवार उजाडला. द्वारकाबाईनं महारुद्राची वाकळ झटकायला उचलली आणि खालून मूठभर हुरड्याचं भुसकट जमिनीवर पडलं, त्यात गुळाचा खडाही. तिनं ते सगळं गोळा करून मुठीत धरलं आणि मोका बघत राहिली. मोका लवकरच आला.

मास्तरनं दोन पोरं पाठवली होती. चार दिवस दांडी मारणाऱ्याला उचलून आणायची त्या शाळेची रीत होती. एकानं हात धरायचे, एकानं पाय. त्यातला एक होता गुंडप्पा, शेजारच्या किराणा दुकानाच्या शिवलिंगप्पाचा थोरला. त्याच वेळी त्याची आई शांताक्का खापरात विस्तव मागायला दारात आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

शांताक्का दारात आली की धुरपदाबाई हातातल्या कामाकडंच बघत राहायची. दिवाळीनंतर तिचा अडीच वर्षांचा मल्लिकार्जुन पोट फुगून आजारी पडला होता. तिसऱ्या दिवशी धुरपदाबाईनं डाग दिला आणि सहाव्या दिवशी मल्लू गेला. गावानं धुरपदाबाईला बोल लावला नाही. आणायला उशीर केला, लोक म्हणाले, आयुष्यच तेवढं होतं. शांताक्काही काही म्हणाली नाही. पूर्वी ती विस्तव न्यायला यायची आणि घटकाभर बोलत बसायची. आता खापर पुढं करायची, विस्तव घ्यायची आणि जायची.

द्वारकाबाईला साक्षीला याहून चांगली माणसं मिळणार नव्हती. ती अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"वन्सं, एक इचारते," ती म्हणाली. "पोराच्या पोटात गोळा हाय, असं तुमी चार दिस सांगताव. खरंच हाय ना?"

"हाय म्हणजे हाय."

"मग डाग का न्हाय देत? शांताक्काच्या मल्लूला तिसऱ्या दिवशी दिलाव. ह्येला आज चौथा दिस." तिनं मूठ उघडली आणि भुसकट सगळ्यांपुढं खाली सोडलं. "लोकांच्या लेकराला सळई आन् घरच्याला हुरडा, असा कुठला इलाज हाय ह्यो?"

शांताक्कानं मान वर केली आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा धुरपदाबाईच्या डोळ्यांत बघितलं.

द्वारकाबाईला आपल्या पोराला भाजायचं नव्हतं, हे सांगायलाच हवं. वन्सं माघार घेणार अशी तिची खात्री होती, कारण महारुद्राला साधा काटा रुतला तरी वन्संच्याच डोळ्यांत पाणी यायचं. आणि धुरपदाबाईची खात्री अशी की सळई लाल झालेली दिसली की पोरगं 'चाललो शाळंत' म्हणत धूम ठोकणार. तेवढ्यानं काम भागणार होतं. गोळा आपोआप विरला, लेकरू भिऊनच बरं झालं, असं काहीही सांगता आलं असतं. दोघी एकमेकींना घाबरवत होत्या आणि पोर दोघींच्या मधे होतं.

"देते की," धुरपदाबाई म्हणाली. "न्हाय कोण म्हणलं?"

तिनं सळई काढली, राखेनं घासली, शेणीच्या निखाऱ्यांत खुपसली. फुंकणीनं फुंकर घातली. जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला. मधे मधे ती महारुद्राकडं बघायची आणि दाराकडं बघायची, म्हणजे त्याला वाट दिसावी. पोर भिंतीला टेकून उभं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाय हलत नव्हते. गुंडप्पा त्याच्याकडं टक लावून बघत होता.

सळईचं टोक लाल झालं. महारुद्र पुढं आला, पोत्यावर उताणा पडला आणि स्वतःच्या हातानं सदरा वर केला.

हे धुरपदाबाईच्या हिशेबात नव्हतं. ती खाली वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "शाळंत जातो म्हण रं. एवढंच म्हण. सोडते म्या."

पोरानं डोळे उघडले. "आत्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आधी नीट चाचपून बघ. गोळा हाय का? तूच सांग."

तिनं अंगठा टेकला. पोट भीतीनं आत ओढलेलं होतं, बाकी त्यात काही म्हणजे काही नव्हतं. 'न्हाय' एवढं एका शब्दाचं उत्तर होतं. पण ते द्यायला ती वर बघणार तर समोर द्वारकी उभी होती, जिंकायच्या तयारीत. तिच्यामागं शांताक्का उभी होती. घरच्या पोराच्या पोटावर हा अंगठा चार दिवस खोटं बोलला, हे शांताक्कानं ऐकलं की मल्लूच्या पोटावर तो काय बोलला होता, हे तिच्या मनात आल्याशिवाय राहिलं नसतं. धुरपदाबाईला त्या बाईच्या डोळ्यांची भीती वाटली. पोराच्या कातडीपेक्षा त्या घटकेला तिला ती भीती मोठी वाटली. हे वाईट होतं, आणि ते वाईट आहे हे तिला कळत होतं.

"हाय," ती म्हणाली.

महारुद्रानं डोळे मिटून घेतले. हात सवयीचा होता, त्यानं आपलं काम केलं. चर्र आवाज झाला, वास आला, आणि पोर "आई गं" म्हणून असं ओरडलं की द्वारकाबाई सळई-बिळई न बघता मधे घुसली. तिनं वन्संना खांद्यानं ढकललं, पोराला उचललं आणि भिंतीशी नेऊन छातीशी धरलं. ती रडत होती आणि शिव्याही देत होती, अर्ध्या वन्संना, अर्ध्या स्वतःला. गुंडप्पा आणि दुसरं पोरगं कधी पळाली ते कुणाला दिसलं नाही. शांताक्का थोडा वेळ उभी राहिली. मग रिकामं खापर घेऊन, विस्तव न मागताच निघून गेली.

दुपारपर्यंत पोर आईच्या मांडीवरच होतं. मग द्वारकाबाई बलभीमाला बोलवायला रानात गेली. जाताना पोराला ओसरीवर निजवून, दार उघडं टाकून गेली, जणू आत दुसरं कुणी माणूस नव्हतंच. धुरपदाबाई लोण्याची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसली. हात लावू देईल की नाही, याची तिला धास्ती होती. त्यानं लावू दिलं.

"लई दुखतंय का रं?"

"न्हाय."

"आता आठ दिस शाळा न्हाय. म्या बघते त्या मास्तरकडं."

"आता जातो की म्या. दुपारची भरंल." तो छताकडं बघत होता. "आत्या, मला काय झालं नव्हतं."

धुरपदाबाईचा हात थांबला.

"गुंड्या रोज म्हणायचा. तुझ्या आत्याला पोटातलं काय कळत न्हाय, आमच्या मल्लूला तिनं उगाच भाजलं. मग समदीच पोरं म्हणायला लागली. पाणी प्यायला गेलं की म्हणायची, पाटी पुसायला बसलं की म्हणायची. म्या म्हणलं, माझ्या आत्यानं हात लावला की तिला कळतं. तर गुंड्या म्हणला, मग तू पोट दुखायचं सोंग कर. तिनं वळखलं तर म्या समद्यांपुढं नाक घासीन. न्हाय वळखलं तर ती खोटी." त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं सोमवारीच वळखशील. रोज सांगत व्हतो, नीट बघ म्हणून. तू गोळा हाय म्हणायचीस. मग शाळंत जाऊन गुंड्याला काय सांगू? म्हणून गेलोच न्हाय."

बाहेर म्हैस दाव्याला हिसके देत होती. धुरपदाबाई वाटीतल्या लोण्याकडं बघत बसली.

"आत्या, तुला खरंच कळलं नव्हतं?"

पोरानं हे रागानं विचारलं नाही. अजूनही त्याला एक उत्तर हवं होतं आणि ते तिच्याकडं होतं. सोमवारी पहिल्यांदा अंगठा टेकला तेव्हाच कळलं होतं, असं ती सांगू शकत होती आणि ते अगदी खरं होतं. पोरानं धावत जाऊन गुंडप्पाला नाक घासायला लावलं असतं. तिचा हात खरा ठरला असता, मल्लूवरून पोरांनी लावलेला बोलही धुऊन निघाला असता. फक्त त्याच्या पुढचा प्रश्न तिला आताच ऐकू येत होता: मग भाजलंस कशाला? आणि त्याला उत्तर एकच होतं, तुझ्या आईपुढं हरायचं नव्हतं म्हणून.

हे ती त्याला सांगू शकत नव्हती. बाकी सगळं जाऊ दे, हे नाही.

"न्हाय रं," धुरपदाबाई म्हणाली. "न्हाय कळलं मला."

महारुद्रानं मान डोलावली. तो सावकाश उठला, सदरा जखमेला लागू नये म्हणून दोन बोटांनी पुढं धरला, पाटी काखेत घेतली आणि देवळाच्या वाटेला लागला. तो तिथं काय सांगणार हे तिला ठाऊक होतं. पोर खोटं बोलणारं नव्हतं. हरलो, गुंड्या खरं बोलत होता, एवढंच सांगणार होतं. संध्याकाळपर्यंत ते गावात घरोघर गेलं असतं आणि सगळ्यांत आधी शेजारच्या दुकानात.

जाऊ दे, तिनं मनाला समजावलं. माणूस आपल्या लेकरासाठी एवढं खोटं बोलतं. पोरापायी आपण आपली विद्या ओवाळून टाकली, असं म्हणून तिनं डोळे पुसले, आणि क्षणभर तिला स्वतःचं बरंही वाटलं.

पण तिचा अंगठा लोण्यानं माखलेला तसाच होता, आणि तो बघता बघता तिला दिवाळीनंतरची ती सकाळ आठवली. शांताक्काच्या मांडीवर मल्लू होता. त्याचं पोट ताशासारखं ताणलेलं होतं. तिनं बेंबीच्या वर चाचपलं, खाली चाचपलं, दोन्ही कुशींत चाचपलं. कुठंच काही हाताला लागत नव्हतं. हे काय दुखणं आहे, हे तिला मुळीच कळत नव्हतं. शांताक्का तिच्या तोंडाकडं बघत होती, दारात चार बाया उभ्या होत्या, आणि ती म्हणाली होती, "हाय. गोळा हाय."